चवळीच्या दाण्याएवढी जागा: देवगडच्या एका बागायतदाराचं प्रकरण

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात देवगडात आजारी पडायला कुणाला सवड नसते. आंबा उतरवायचा, निवडायचा, पेट्या भरून वाशीला धाडायच्या, आणि वळवाचा पाऊस कधी गाठेल याचा नेम नाही. अशा दिवसांतल्या एका संध्याकाळी ४७ वर्षांच्या एका बागायतदाराला दोघांनी बखोटीला धरून माझ्या दवाखान्यात आणलं. घरात त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. भाऊंच्या पायांत ताकद होती, पण अंग सारखं डावीकडे कलंडत होतं. डावा हात धरलेला त्यांचा मुलगा दोनदा दाराच्या चौकटीवर आपटला. बोलायला तोंड उघडलं की आधी उचकी, मग पाणी भरल्यासारखा घोगरा आवाज.

आदल्या दिवशी सकाळी ११च्या सुमारास मांगराच्या पडवीत बसून आंबे निवडताना त्यांना अचानक गरगरलं. डाव्या डोळ्याभोवती सुया टोचल्यासारखं झालं, पाठोपाठ उलट्या. जवळच्या एका दवाखान्यात ऊन लागलं म्हणून सलाइन लावली. दुपारी दुसऱ्या ठिकाणी नेलं. तिथे रक्तदाब वाढलेला आढळला, डोक्याचा सीटी स्कॅन काढला, तो नॉर्मल आला. पित्त आणि मानेच्या मणक्यांची झीज, असं निदान करून गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. रात्रभर उचकी. कुणीतरी आठवण काढतंय म्हणून शेजाऱ्यांनी नावं घेऊन पाहिली. पहाटे घरच्यांनी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आले तेव्हा ३१ तास उलटले होते.

तक्रारींची यादी ऐकली तर कुणीही गोंधळेल. चक्कर, उलटी, उचकी, आवाज बसणं, एक डोळा बारीक वाटणं, चेहरा डावीकडे बधिर, तोल जाणं. प्रत्येकीला वेगळं कारण सापडू शकतं, आणि तसंच झालं होतं. हात-पाय चालताहेत, तोंड वाकडं नाही, म्हणजे पक्षाघात नाही, एवढ्यावर सगळ्यांनी तो विषय मिटवला होता.

मी वहिनींना विचारलं, अजून काही वेगळं जाणवलं का? त्या आधी गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरांनू, सांगूक बरा दिसणा नाय. काल आंघोळीक पाणी घातलंय. उजव्या अंगार ओतला तर म्हणतत गार हा, डाव्या अंगार ओतला तर ओरडतत. पाणी एकाच हंड्यातला. आणि सकाळी पेज दिलंय, ती नाकातसून भायर इली."

ही गोष्ट त्यांनी आधीही एका ठिकाणी सांगितली होती. भास असेल, ताणामुळे होतं असं, हे उत्तर मिळालं होतं. मला त्या दोन वाक्यांत आजाराचा पत्ता मिळाला. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटतं.

पत्ता कसा कळला

मेंदू खाली जिथे मज्जारज्जूला मिळतो त्या भागाला वैद्यकीय मराठीत मस्तिष्कस्तंभ म्हणतात. बोलताना मी मेंदूचा देठ म्हणतो. आंब्याच्या गावात तो शब्द लगेच कळतो. त्याचे वरून खाली तीन भाग: मध्यमस्तिष्क, मग सेतू म्हणजे पॉन्स, आणि सर्वांत खाली लंबमज्जा म्हणजे मेड्युला. लंबमज्जा जेमतेम ३ सेंटिमीटर लांब असते. मेंदूकडून शरीराकडे आणि शरीराकडून मेंदूकडे जाणारी बहुतेक सगळी वाहतूक या देठातून होते, आणि त्या वाहतुकीच्या मधोमध व कडेने चेतापेशींचे पुंजके बसलेले असतात. त्यांनाच केंद्रकं म्हणतात. पेशीच्या आतल्या गाभ्यालाही हाच शब्द आहे, त्यामुळे विद्यार्थी सुरुवातीला गोंधळतात. इथे केंद्रक म्हणजे एकाच कामाला लागलेल्या हजारो पेशींची वस्ती.

चेहऱ्याची संवेदना ट्रायजेमिनल नस आणते. ती सेतूच्या पातळीवर आत शिरते आणि तिथे तिच्यातल्या तंतूंच्या वाटा वेगळ्या होतात. कापसाचा हलका स्पर्श नेणारे बहुतेक तंतू सेतूतल्याच मुख्य केंद्रकात थांबतात. टोचणं, भाजणं, गारवा नेणारे तंतू मात्र खाली वळतात. लंबमज्जेच्या कडेकडेने उतरत ते मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या भागापर्यंत जातात. त्यांच्या सोबतीने एक लांबट केंद्रक पसरलेलं असतं, त्यातल्या पेशींना ते निरोप देतात. त्या पेशींचे तंतू मधली रेषा ओलांडून पुन्हा वर थॅलॅमसकडे, म्हणजे मोठ्या मेंदूतल्या संवेदनांच्या ठाण्याकडे, निघतात. कणकवलीला उतरायचं ते सावंतवाडीपर्यंत जायचं आणि तिथून गाडी बदलून परत मुंबईच्या दिशेने यायचं, असा हा प्रवास आहे. त्यामुळे लंबमज्जेच्या डाव्या कडेला इजा झाली, तर डाव्या चेहऱ्याला टोचलेलं कळत नाही, पण कापूस फिरवलेला कळतो.

हात-पाय आणि धडाचं टोचणं-भाजणं वेगळ्या मार्गाने येतं. ते तंतू मज्जारज्जूत शिरले की एक-दोन मणक्यांच्या अंतरातच पलीकडे जातात आणि मग सरळ वर चढतात. या चढत्या वाटेला स्पायनोथॅलॅमिक मार्ग म्हणतात. लंबमज्जेपाशी पोचेपर्यंत उजव्या अंगाचा निरोप डाव्या बाजूला आलेला असतो, आणि तो चेहऱ्याच्या त्या उतरत्या तंतूंच्या अगदी जवळून जातो.

दोन्ही जिथे शेजारी आहेत तिथे एकच घाव बसला, तर चेहरा त्याच बाजूचा बधिर होतो आणि अंग विरुद्ध बाजूचं. मोठ्या मेंदूच्या एका बाजूच्या विकारात चेहरा आणि अंग सहसा एकाच बाजूचं जातं. हातापायाच्या नसांच्या विकारात असं आडवंतिडवं होत नाही. मानेच्या झिजेत चेहऱ्याला बाधा होत नाही. एकाच हंड्यातलं पाणी उजव्या अंगाला गार आणि डाव्याला चटका देणारं लागत होतं, आणि बधिर चेहरा डावा होता. एवढ्यावरून मला लंबमज्जेची डावी बाहेरची कड दिसू लागली. पेज नाकातून येणं हा दुसरा पुरावा, पण त्याकडे नंतर येतो.

तपासणी

मी एक निर्जंतुक टाचणी, कापसाचा बोळा आणि फ्रिजमध्ये ठेवलेला ट्यूनिंग फोर्क घेतला. ग्रामीण दवाखान्यात याहून जास्त लागत नाही, आणि यांच्याशिवाय मात्र भागत नाही.

कपाळ, गाल, हनुवटी: डावीकडे टाचणी बोथट, गार फोर्क कोमट. कापूस दोन्हीकडे सारखा. मानेखाली उजवा हात, उजवी छाती-पोट, उजवा पाय: टाचणी बोथट, गारवा कळत नाही. पण तोच फोर्क वाजवून घोट्याच्या हाडावर ठेवला तेव्हा कंपन दोन्ही पायांत नीट कळलं. अंगठा वर केला की खाली, हेही डोळे मिटून बरोबर सांगितलं. कंपन आणि सांध्यांची जाणीव नेणारी वाट लंबमज्जेत मधल्या रेषेलगत असते. म्हणजे मधला भाग शाबूत होता.

मूठ घट्ट, पाय भिंतीवर दाबले तर भिंत हलावी इतका जोर. स्नायूंना हुकूम नेणारे तंतूंचे जुडगे, म्हणजे पिरॅमिड, लंबमज्जेच्या समोरच्या बाजूला, मध्यभागी असतात. जीभ सरळ बाहेर आली. जिभेचं केंद्रक, बाराव्या नसेचं, तेही मधल्या रेषेजवळ. माझ्याकडे येणाऱ्या इंटर्नना मी एक युक्ती सांगतो: डोक्याच्या नसांपैकी ज्यांचा क्रमांक १२ला नि:शेष भागतो त्या ३, ४, ६ आणि १२ या नसांची चालक केंद्रकं मध्यरेषेलगत असतात; पाचवी, सातवी, नववी, दहावी कडेला. पहिली आणि दुसरी या हिशेबात धरत नाहीत, कारण त्या देठातून निघतच नाहीत. ही रचना गर्भावस्थेतच ठरते. देठ घडताना हुकूम देणाऱ्या पेशी आतल्या अंगाला आणि संवेदना घेणाऱ्या पेशी बाहेरच्या अंगाला बसतात, आणि त्यांच्यामधली खाच प्रौढ मेंदूतही दिसते. त्यामुळे काय बिघडलंय याच्याइतकंच काय शाबूत आहे तेही जागा सांगतं.

डावं बोट नाकाला लावायला सांगितलं तर ते भुवईवर जायचं. लंबमज्जेच्या मागच्या कडेने लहान मेंदूकडे तंतूंचा एक जाड जुडगा जातो, त्याला धक्का बसला की त्याच बाजूचा हात-पाय असा चुकतो. कलंडणंही त्याच बाजूला.

डोळे तपासताना वीज गेली. मोबाइलचा टॉर्च लावला आणि अंधारात डाव्या-उजव्या बाहुल्यांमधला फरक, जो उजेडात पुसट होता, तो ठळक झाला. उजवी बाहुली अंधाराला पाहून मोठी झाली, डावी बारीकच राहिली. डावी पापणी थोडी उतरलेली, डावं कपाळ कोरडं. या तिन्हींना मिळून हॉर्नर म्हणतात. डोळ्याची बाहुली मोठी करणारे सिम्पथेटिक तंतू हायपोथॅलॅमसमधून निघून देठाच्या याच बाहेरच्या कडेने खाली छातीच्या मज्जारज्जूपर्यंत जातात आणि मग मानेतून वर डोळ्याकडे येतात. लांबचा फेरा आहे, पण त्याचा पहिला टप्पा इथूनच जातो.

चक्कर कानातली की मेंदूतली, हा प्रश्न रोजच्या कामातला. कानातल्या चक्करेत डोळ्यांची थरथर, म्हणजे निस्टॅग्मस, सहसा एकाच दिशेला झटके देते. भाऊ उजवीकडे पाहत तेव्हा झटका उजवीकडे, डावीकडे पाहत तेव्हा डावीकडे. दिशा बदलणारी थरथर मेंदूकडे बोट दाखवते. एकेक डोळा आळीपाळीने झाकला तेव्हा डावा डोळा उजव्यापेक्षा खाली बसलेला होता. उघडल्यावर वर सरकून जागेवर यायचा. डोळे मिटून उघडायला सांगितलं, तर बुबुळं मिटल्या पापण्यांआड डावीकडे सरकलेली सापडायची आणि झटक्याने मध्यावर यायची. हे व्हेस्टिब्युलर केंद्रकांचं काम. प्रत्येक बाजूला अशी चार असतात, सेतूच्या खालच्या भागापासून लंबमज्जेच्या वरच्या भागापर्यंत पसरलेली. कानातून आलेली तोलाची खबर ती डोळे, मान आणि पाठीच्या स्नायूंना देतात. एका बाजूची केंद्रकं गेली की मेंदूला वाटतं, जग फिरतंय.

थरथर आणि डोळा झाकून पाहणं यांच्या जोडीला डोकं झटक्याने वळवून पाहायची एक चाचणी असते. हे तीन मिळून सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही चांगलं निदान करू शकतात, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. तिसरी चाचणी मी भाऊंवर केली नाही. कारण तोपर्यंत मुलाने मानेची हकीकत सांगितली होती.

मान

भाऊ आठ-दहा दिवस सकाळपासून उन्हं चढेपर्यंत झेला, म्हणजे टोकाला जाळी लावलेली लांब काठी, हातात धरून आंबे उतरवत होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला वापरला तर आंबा देठासकट निघतो, चीक सांडून फळावर डाग पडत नाही. पण नजर वर आणि मान मागे, हे काही टळत नाही. सहाव्या-सातव्या दिवशी डाव्या मानेत, डोक्याच्या मागच्या बाजूला कळ सुरू झाली. उसण भरली म्हणून बाम चोळला. दाढी करून घ्यायला गेले तिथे मान दोन्हीकडे कडकडून मोडून घेतली. त्यानंतर दोन दिवसांनी चक्कर.

मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना भोकं असतात, त्यांतून व्हर्टिब्रल धमन्या वर चढतात. सर्वांत वरच्या मणक्यापाशी त्या वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान फार मागे गेली, पिळली, झटका बसला, तर इथे धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. चिरेतून रक्त भिंतीच्या थरांत घुसतं, वाट अरुंद होते, तिथे गुठळी धरते. पन्नाशीच्या आतल्या माणसाला स्ट्रोक, म्हणजे पक्षाघाताचा झटका, आला तर हे कारण शोधावंच लागतं. धमनीतून चीर गेली ती झेल्यामुळे की मान मोडल्यामुळे, हे मी ठरवू शकत नाही. चिरेची पहिली खूण मानदुखीच असते, आणि मान दुखते म्हणूनच माणूस ती मोडून घेतो. म्हणजे मोडण्याआधीच चीर पडलेली असू शकते. केशकर्तनालयवाल्याला दोष देऊ नका, असं मी मुलाला बजावलं. पण कळ येत असलेली मान कुणाकडूनही मोडून घेऊ नये, हे मात्र गावात चार जणांना सांग म्हटलं.

लंबमज्जेच्या त्या बाहेरच्या कडेला रक्त मिळतं व्हर्टिब्रल धमनीकडून आणि तिच्या एका फांदीकडून. त्या फांदीचं नाव लांबलचक आहे, आम्ही नुसतं पायका म्हणतो. जर्मन वैद्य अ‍ॅडॉल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये अशाच एका रुग्णाचं वर्णन केलं. रुग्ण जिवंत असताना, नुसत्या लक्षणांवरून, कुठली जागा आणि कुठली धमनी ते त्यांनी लिहून ठेवलं. पुढे शवविच्छेदन झालं आणि १९०१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत अंदाज खरा ठरलेला होता. आजही या दुखण्याला त्यांचंच नाव आहे. मूळ दोष पायकापेक्षा व्हर्टिब्रल धमनीतच जास्त वेळा असतो, हे १९६१ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी दाखवलं. वॉलेनबर्गकडे ना सीटी होता ना एमआरआय. केंद्रकांचा नकाशा तोंडपाठ होता. भाऊंच्या नॉर्मल सीटीवर विसंबून ज्यांनी त्यांना घरी पाठवलं त्यांच्यावर मला राग धरायचा नाही. पण हे सांगायलाच हवं की कवटीच्या या तळघरात चहूबाजूंनी जाड हाडं असतात, सीटीची प्रतिमा तिथे धूसर होते, आणि ताजा, लहान घाव तिच्यात बहुधा दिसत नाही. सीटीने रक्तस्राव नाही एवढंच सिद्ध झालं होतं.

पेज नाकातून का आली

या प्रकरणात मला सर्वांत जास्त भीती वाटली ती याची. चक्कर माणसाला आडवं करते, पण जीव घेते ती बहुधा चुकीच्या वाटेने गेलेली पेज.

टॉर्चच्या उजेडात भाऊंना "आ" म्हणायला लावलं. डावीकडची पडजीभेजवळची कमान खाली लोंबत राहिली, पडजीभ उजवीकडे खेचली गेली. घसा, टाळू आणि स्वरयंत्र यांच्या स्नायूंना नववी व दहावी नस हुकूम देतात, आणि त्या हुकमाचं उगमस्थान म्हणजे न्यूक्लियस अ‍ॅम्बिग्युअस. नावाचाच अर्थ संदिग्ध. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी विखुरलेल्या दिसतात, कड स्पष्ट लागत नाही, म्हणून हे नाव. त्याच्या आतमागच्या बाजूला न्यूक्लियस सॉलिटेरियस आहे. त्याच्या वरच्या भागात जिभेवरून चवीची खबर येते, खालच्या भागात घसा, हृदय, फुप्फुसं, पोट यांची. घास घशाला लागला ही बातमी तिथे पोचते, भोवतालच्या पेशींचं जाळं क्रम ठरवतं, आणि अ‍ॅम्बिग्युअस तो पार पाडतं: टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद, स्वरयंत्र वर उचलून श्वासनलिका बंद, घसा वरून खाली आवळत घास पुढे, अन्ननलिकेच्या तोंडाची गाठ सैल. हे सगळं एका सेकंदाच्या आसपास. डावी आणि उजवी बाजू एकमेकींशी जोडून काम करतात, म्हणून एका बाजूला घाव बसला तरी सुरुवातीच्या दिवसांत सगळं गिळणंच कोलमडू शकतं. हात-पाय धडधाकट असलेला माणूस चमचाभर पाणी गिळू शकत नाही, हे घरच्यांना पटत नाही, आणि कधीकधी आमच्या लोकांनाही.

भाऊंना ताठ बसवून एक छोटा चमचा पाणी दिलं. ठसका लागला, आवाज आणखी ओला झाला. तिथेच थांबलो. उजव्या फुप्फुसाच्या तळाला स्टेथोस्कोपमधून बारीक करकर ऐकू येत होती, ताप १००.४ अंश फॅरनहाइट. गेले ३१ तास सगळे त्यांना प्रेमाने शहाळ्याचं पाणी, इलेक्ट्रॉल, पेजेची निवळ पाजत होते. आपल्याकडे आजाऱ्याला पातळ द्यावं असं समजतात. पण गिळणं बिघडलेल्या माणसाला पातळ पदार्थ सर्वांत धोक्याचा. पाणी क्षणात घशातून धावतं आणि स्वरयंत्र मिटायच्या आत श्वासनलिकेत उतरतं. दाट, एकजीव घास हळू सरकतो, त्याला आवरता येतं. तोंडाने काही द्यायचं नाही, असं सांगून नाकातून पोटापर्यंत नळी घातली. उचकी याच भागातून उठणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे: श्वासपटल एकदम आकसतं आणि स्वरद्वार फटकन मिटतं. न थांबणारी उचकी आणि नवी चक्कर एकत्र दिसली, तर मी आता जठराकडे आधी पाहत नाही.

घाटापलीकडे

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. ती वेळ पहिल्या सलाइनच्या बाटलीतच गेली होती. कोल्हापूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांशी फोनवर बोललो, सीटीत रक्तस्राव नव्हता म्हणून त्यांच्या सल्ल्याने नळीतून अ‍ॅस्पिरिन दिलं, प्रतिजैविक सुरू केलं. रक्तदाब १६८/९४ होता, तो घाईने उतरवला नाही. अरुंद धमनीच्या पलीकडच्या पेशींना त्या दाबाचीच गरज असते. १०८ची रुग्णवाहिका आली. फोंडाघाटाची वळणं, ओकणारा माणूस, गिळता न येणारा घसा. मुलाला आणि सोबतच्या डॉक्टरांना सांगितलं की खाट उशाकडून उंच ठेवा, मान वळू देऊ नका, आणि झोप लागली तर श्वासावर नजर ठेवा. श्वासाची लय राखणाऱ्या पेशीही याच भागात असतात, आणि क्वचित झोपेत ती लय मंदावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमआरआयचे फोटो मोबाइलवर आले. लंबमज्जेच्या डाव्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका, चवळीच्या दाण्याएवढा. लहान मेंदू शाबूत. डावी व्हर्टिब्रल धमनी वर निमुळती होत गेलेली, आणि तिच्या भिंतीत साकळलेल्या रक्ताची पांढरी चंद्रकोर. चीर पडलेल्या धमनीची ती ओळखीची खूण.

मुलगा फोनवर विचारत होता, रक्त पातळ करायची भारी औषधं नकोत का? २०१५ मध्ये कॅडिस नावाच्या चाचणीचे निकाल आले. तिच्यात मानेच्या धमनीला चीर पडलेल्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं आणि रक्त पातळ करणारी औषधं, दोन्ही वेगवेगळ्या गटांत देऊन पाहिली, आणि पुन्हा स्ट्रोक होण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. दोन्हीकडे तो क्वचितच झाला. कोल्हापूरच्या तज्ज्ञांनी अ‍ॅस्पिरिनच चालू ठेवलं. उचकी बॅक्लोफेनच्या छोट्या मात्रेने पाचव्या दिवशी थांबली.

नळी १९ दिवस राहिली. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टनी नाकातून दुर्बीण घालून पाहिलं. डावी स्वरतंतू अजून जागची हलत नव्हती. तोंडाने पहिलं काय द्यायचं यावर घरात चर्चा झाली. वहिनींना पेज द्यायची होती. मी म्हटलं, पेज सर्वांत शेवटी. दाट शिजवलेलं नाचणीचं सत्त्व द्या. भाऊंनी मान हलवली आणि पाटीवर लिहिलं: रस. विचार केला तर हरकत नव्हती. पाणी न घालता गाळलेला हापूसचा रस दाट असतो, एकजीव असतो, चमच्यावरून सावकाश सरकतो. थेरपिस्टनी तपासून होकार दिला. मान डावीकडे, म्हणजे दुबळ्या बाजूला, हलकेच वळवून हनुवटी खाली घ्यायची. त्यामुळे घशाची डावी बाजू मिटते आणि घास उजव्या, धडक्या बाजूने उतरतो. मान वळवायला हरकत नाही ना, हे मी आधी तज्ज्ञांना विचारून घेतलं होतं. अर्धा चमचा रस, एक गिळणं, लगेच दुसरं कोरडं गिळणं. ठसका नाही. सगळे थांबून ऐकत होते. "आ" म्हणा म्हटलं, आवाज कोरडा आला.

मी जिभेच्या डाव्या-उजव्या कडेला साखर-मीठ लावून चवही तपासली होती. डावीकडे कमी होती. भाऊंना स्वतःला मात्र ती कमी झाल्याचं कधीच जाणवलं नाही. उजवी बाजू पुरेशी होती.

जूनअखेर पाणी, चहा, सोलकढी सगळं सुरू झालं. तोल दोन महिन्यांत सावरला. अंधारात आणि भाताच्या बांधावर अजून काठी लागते. ऑगस्टमध्ये पुन्हा केलेल्या तपासणीत धमनी बऱ्याच अंशी उघडली होती. आवाज थोडा घोगरा राहिला. डावी बाहुली अजून बारीक आहे. उजव्या अंगाचं तापमान मात्र परतलं नाही, आणि सप्टेंबरपासून त्याच अंगात आतून जळल्यासारखं होऊ लागलं. बधिर झालेल्या वाटेतच अशी वेदना उगवते. प्रेगॅबॅलिनने ती निम्मी आटोक्यात आहे. झेला मुलाच्या हातात गेला आहे. आंघोळीचं पाणी डाव्या हाताने पाहायचं, चुलीजवळ उजवा हात न्यायचा नाही, हे मी तीनदा लिहून दिलं होतं.

दिवाळीनंतर ते तपासायला आले. रक्तदाब घ्यायला उजवी बाही वर केली, तर कोपराच्या खाली चार बोटं रुंद चट्टा, साल निघालेला, कडेने भरत आलेला. मी विचारलं, कधी भाजलं? भाऊंनी हात उलटासुलटा करून पाहिला. त्यांना ठाऊक नव्हतं.

वहिनींना नरकचतुर्दशीची पहाट आठवली. म्हणाल्या, "चावदिसाच्या फाटफटी. पाण्याच्या हंड्याक हात टेकून उभे होते. मीया ओढलंय."